मत न देणाऱ्याची बाजू

मतदान जवळ आले की एक वाक्य हमखास ऐकू येते: ज्याने मत दिले नाही, त्याला सरकारविषयी तक्रार करण्याचा अधिकार नाही. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, लोकांनी घराबाहेर पडावे एवढीच त्याची इच्छा असते. तरीही हे वाक्य मला मुळापासून चुकीचे वाटते. तक्रारीचा अधिकार मतदानाच्या बदल्यात मिळत नाही. ज्याच्यावर राज्य केले जाते त्या प्रत्येकाला तो असतो. मत न देणारा माणूसही कर भरतो, कायदा त्यालाही बांधतो, त्याच्याही मुलाला युद्धावर पाठवले जाऊ शकते. लहान मुलांना मत नसते आणि दुसऱ्या देशातून पोटासाठी आलेल्या कामगारांनाही राष्ट्रीय निवडणुकीत बहुतेक ठिकाणी मत नसते. पण त्यांच्यावर अन्याय झाला तर तुम्ही मत कुठे दिले होते, असे आपण त्यांना विचारत नाही. मग जो मतदार जाणूनबुजून घरी थांबला, त्याचेच तोंड बंद करण्याची घाई आपल्याला का होते?

मत देण्याचा हक्क मिळाल्यापासून मी तो बजावत आले आहे आणि पुढेही बजावेन. तरीही हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही, कारण ज्यांच्या विचारांचा मला आदर वाटतो अशा माणसांपैकी काही जण मत देत नाहीत आणि त्यामागे आळस नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांच्याशी वर्षानुवर्षे वाद घालताना माझे मत हळूहळू असे बनले आहे की, मत न देणे हा माणसाचा हक्क आहे आणि तो असलाच पाहिजे; मात्र हक्क असल्यामुळे ते आपोआप राजकीय कृत्य होत नाही. त्यासाठी आणखी काहीतरी करावे लागते, आणि बहुतेक वेळा नेमके तेच राहून जाते.

या वादात पहिली गफलत होते ती मोजणीत. मतदानाची टक्केवारी जाहीर झाली की जे आले नाहीत त्यांची एकच रास केली जाते, आणि मग कोणी तिला उदासीनता म्हणतो, तर कोणी निषेध. पण त्या राशीत कामावरून सुटी न मिळालेला असतो, यादीत नाव न सापडलेला असतो, आजारी माणसाजवळ बसलेला असतो. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याचे उदाहरण घ्या. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथील पात्र कृष्णवर्णीय नागरिकांपैकी ७ टक्क्यांहूनही कमी लोकांची मतदार म्हणून नोंद होती. साक्षरतेच्या नावाखाली घेतलेल्या परीक्षा, मतदानासाठीचा कर, नोकरी जाण्याची धमकी आणि थेट मारहाण ही त्याची कारणे होती. १९६५ साली मतदान हक्क कायदा झाला आणि दोन-तीन वर्षांतच हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास गेले. तीच माणसे, तेच राज्य. त्यांना राजकारणात रस नाही, असे तोपर्यंत सांगितले जात होते. म्हणून मत न देण्याच्या नैतिकतेविषयी बोलण्यापूर्वी कोणाला खरोखर निवड होती आणि कोणाला नव्हती, हे आधी वेगळे काढावे लागते. निवड नसलेल्याला उपदेश करण्याइतके अशोभनीय दुसरे काही नाही.

निवड असूनही नकार देणाऱ्यांत मला सर्वांत अस्वस्थ करणारे नाव डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचे आहे. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी त्यांनी आयुष्य वेचले. १९०९ साली स्थापन झालेल्या एनएएसीपी या संघटनेच्या संस्थापकांपैकी ते एक होते. अटलांटामध्ये प्राध्यापक असताना केवळ वर्णामुळे त्यांना मत देता येत नव्हते. अशा माणसाने १९५६ साली, वयाच्या ८८व्या वर्षी, आयझेनहॉवर आणि स्टीव्हन्सन यांच्यातील अध्यक्षीय निवडणुकीच्या आधी एका साप्ताहिकात लेख लिहून जाहीर केले की आपण या वेळी मत देणार नाही. दोन्ही प्रमुख पक्ष नावापुरतेच वेगळे आहेत. युद्धखोरी, वसाहतवाद आणि वर्णभेद या प्रश्नांवर त्यांच्यात निवडण्यासारखे काही उरलेले नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. आपण आजवर कोणाकोणाला मत दिले आणि का दिले, याचा हिशेबही त्यांनी त्या लेखात मांडला होता.

हे वाचल्यावर, मताचे मोल न कळलेला माणूसच मत देत नाही, असे कोणालाही म्हणता येणार नाही. मताचे मोल त्यांच्याइतके कळलेली माणसे थोडीच असतील. माझ्या दृष्टीने या प्रसंगाचे महत्त्व आणखी एका गोष्टीत आहे. डू बॉइस नुसते घरी बसले नाहीत. त्यांनी नाव घालून, कारणे देऊन, निवडणुकीच्या आधी, ज्यांना उत्तर द्यायचे असेल त्यांना उत्तर देता येईल अशा रीतीने सांगितले. त्यांच्याशी असहमत होता येते. दोन्ही पक्ष अगदी सारखे होते का, यावर मीही कदाचित त्यांच्याशी वाद घातला असता. पण असहमत होण्यासारखे काहीतरी त्यांनी समोर ठेवले होते. जे बोललेच गेले नाही त्याच्याशी कोणाला असहमत होता येत नाही, आणि ज्याच्याशी असहमत होता येत नाही ते राजकारणात उतरलेले नसते.

एक युक्तिवाद नेहमी केला जातो. लाखो मतांत माझे एक मत म्हणजे काय, ते देऊन निकाल बदलण्याची शक्यता जवळजवळ शून्य, मग त्यासाठी रांगेत का उभे राहायचे? अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली ही कोंडी पद्धतशीर मांडली, तेव्हापासून ती राज्यशास्त्रात ठाण मांडून आहे. अपवाद दाखवता येतात: २००० साली फ्लोरिडा राज्याचा, आणि पर्यायाने अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा, निकाल ५३७ मतांनी लागला. पण अपवादांनी मूळ गणित खोटे ठरत नाही, आणि मला ते खोटे ठरवायचेही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की हे गणित मान्य करणाऱ्याला स्वतःच्या गैरहजेरीला निषेध म्हणता येत नाही. दिलेले एक मत नगण्य असेल तर न दिलेले एक मत त्याहून नगण्य आहे, कारण दिलेले मत निदान कोणाच्या तरी खात्यात मोजले जाते. यापैकी एकच भूमिका घेता येते, आणि मत न देणारे पुष्कळ जण गरजेप्रमाणे एकीवरून दुसरीवर जातात, अशी माझी त्यांच्याविषयी प्रामाणिक तक्रार आहे.

गैरहजेरीची खरी अडचण मात्र गणितातली नाही, अर्थाची आहे. जो बोलत नाही त्याच्या वतीने दुसरे बोलतात. चिलीमध्ये अलीकडे जे घडले त्यातून हे फार स्पष्ट दिसते. तेथे २०१२ पासून मतदान ऐच्छिक करण्यात आले होते. २०१९ च्या मोठ्या जनआंदोलनानंतर, ऑक्टोबर २०२० मध्ये, नवी राज्यघटना लिहावी का, या प्रश्नावर सार्वमत झाले. सुमारे ५१ टक्के मतदार आले आणि त्यांपैकी ७८ टक्क्यांनी होकार दिला. उरलेल्या जवळजवळ निम्म्या मतदारांविषयी जो तो आपल्या सोयीचे बोलत राहिला. जुन्या व्यवस्थेवर त्यांचा विश्वास उडाला आहे, म्हणून ते येत नाहीत. ते आले तर बदलाच्याच बाजूने येतील, असे मानणारे पुष्कळ होते. सप्टेंबर २०२२ मध्ये तयार मसुद्यावर सार्वमत झाले तेव्हा मतदान सक्तीचे होते. सुमारे ८६ टक्के मतदार आले आणि त्यांपैकी जवळजवळ ६२ टक्क्यांनी मसुदा फेटाळला. दोन सार्वमतांतले प्रश्न वेगळे होते, मधल्या काळात मसुद्यावर टीकाही खूप झाली होती, त्यामुळे या उलथापालथीचे सारे श्रेय नव्याने आलेल्या मतदारांना देता येणार नाही. पण इतके नक्की की त्यांच्या मौनात ज्यांनी स्वतःची आशा वाचली होती, त्यांना ती तेथे सापडली नाही. दोष वाचणाऱ्यांचा होताच. तरीही मी त्या गैरहजर मतदारांचाही विचार करते: दशकभर त्यांच्या नावावर जे जे खपवले गेले, ते खोडून काढण्यासाठी त्यांच्याकडे काही साधनच नव्हते.

याला उत्तर म्हणून संघटित बहिष्काराकडे बोट दाखवले जाते, आणि ते योग्यच आहे. एकट्याची गैरहजेरी मुकी असते. हजारोंनी ठरवून, कारण सांगून टाळलेले मतदान मुके नसते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकारने १९८३ च्या राज्यघटनेने मिश्रवर्णीय आणि भारतीय वंशाच्या नागरिकांसाठी संसदेची वेगळी सभागृहे देऊ केली. बहुसंख्य कृष्णवर्णीयांना त्यात काहीच स्थान नव्हते. हा देखावा ओळखून १९८३ साली युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट उभी राहिली आणि १९८४ च्या निवडणुकांवर बहिष्काराचे आवाहन केले गेले. नोंदणी झालेल्या मिश्रवर्णीय मतदारांपैकी सुमारे ३० टक्के आणि भारतीय वंशाच्या मतदारांपैकी सुमारे २० टक्केच मतदानाला गेले. सरकारला त्या निवडणुकीतून हवी होती ती संमती. तीच लोकांनी दिली नाही. मतदान हाच जेथे देखावा असतो, तेथे देखाव्यात भूमिका न करणे हे पूर्ण अर्थाने राजकीय कृत्य आहे. सोव्हिएत संघात मतपत्रिकेवर एकच नाव असे आणि मतदान ९९ टक्क्यांहून अधिक झाल्याचे जाहीर होई. अशा ठिकाणी मतदानाला न जाण्यासाठी जे धैर्य लागत असेल ते मला माझ्या सुरक्षित आयुष्यात कधी दाखवावे लागलेले नाही.

पण बहिष्काराचे यश त्याच्यामागे काय उभे आहे यावर ठरते. दक्षिण आफ्रिकेत त्यामागे कामगार संघटना होत्या, चर्च होते, विद्यार्थी होते, वस्त्यावस्त्यांतील समित्या होत्या. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी काय करायचे हे त्यांना ठाऊक होते. व्हेनेझुएलात डिसेंबर २००५ च्या संसदीय निवडणुकीतून प्रमुख विरोधी पक्षांनी अवघ्या काही दिवसांवर मतदान आले असताना माघार घेतली. सुमारे २५ टक्केच मतदान झाले, पण संसदेच्या सर्व १६७ जागा अध्यक्ष चावेझ यांच्या समर्थकांकडे गेल्या. पुढे २००७ साली याच संसदेने अध्यक्षांना दीड वर्ष हुकूमनाम्याने कायदे करण्याचा अधिकार दिला, तेव्हा सभागृहात विरोध करायला विरोधक उरलेच नव्हते. मतदानाची टक्केवारी कमी पाडून सरकारची वैधता संपेल, हा हिशेब चुकला. सत्तेला वैधता हवी असते हे खरे, पण ती नसली तरी सत्ता पुष्कळ काळ चालते.

काही ठिकाणी नियमच गैरहजेरीला वजन देतो. इटलीत एखादा कायदा रद्द करण्यासाठीचे सार्वमत वैध ठरायला निम्म्याहून अधिक मतदारांनी मत द्यावे लागते. २००५ साली कृत्रिम गर्भधारणेच्या कायद्यावरील सार्वमतात कॅथलिक धर्मगुरूंच्या नेतृत्वाने लोकांना घरी थांबण्याचे आवाहन केले, मतदान २६ टक्क्यांच्या आसपास झाले आणि कायदा टिकला. डावपेच म्हणून हे नियमात बसते. मला मात्र त्यात अप्रामाणिकपणा वाटतो, कारण ज्यांना त्या प्रश्नाशी काही देणेघेणे नव्हते त्यांची संख्याही आपल्या बाजूला जमा करून घेतली गेली.

मग उपाय म्हणून सगळ्यांना मतदानाची सक्ती करावी का? ऑस्ट्रेलियाने १९२४ साली ती केली. १९२२ च्या निवडणुकीत ६० टक्क्यांहून कमी असलेले मतदान १९२५ मध्ये ९१ टक्क्यांवर गेले आणि तेव्हापासून ते फारसे खाली आलेले नाही. सक्तीचा सर्वांत चांगला परिणाम मतदारापेक्षा राज्यावर होतो, असे मला वाटते: ज्याने यायलाच हवे त्याला येता यावे ही जबाबदारी राज्यावर येते. मतदान शनिवारी ठेवले जाते, टपालाने आणि आधी मत देण्याची सोय होते, फिरती मतदान केंद्रे रुग्णालयांपर्यंत जातात. गरीब आणि तरुण हे घटक ऐच्छिक मतदानात सर्वत्र मागे पडतात आणि म्हणून धोरणांतही मागे पडतात. सक्तीने ही दरी बरीच भरते. सक्तीच्या बाजूचा हा युक्तिवाद मला वजनदार वाटतो.

पण त्या सक्तीच्या पहिल्याच काळात एक खटला झाला, आणि तो वाचल्यापासून माझे मन पूर्णपणे सक्तीच्या बाजूने होत नाही. अर्नेस्ट जड नावाच्या समाजवाद्याने १९२५ च्या निवडणुकीत मत दिले नाही. त्याचे कारण त्याने लपवले नाही: उभे असलेले सारे उमेदवार भांडवलशाहीचे समर्थक आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणालाही मत देणे माझ्या पक्षाच्या तत्त्वांना धरून नाही. कायद्यात ‘वैध आणि पुरेसे कारण’ असल्यास सूट होती. १९२६ साली तेथील उच्च न्यायालयाने, म्हणजे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, निर्णय दिला की सर्व उमेदवारांविषयी आक्षेप असणे हे मत न देण्याचे वैध कारण होत नाही. न्यायमूर्ती हिगिन्स यांनी वेगळे मत नोंदवले. प्रकृती, प्रवास, अपघात अशी कारणे चालतात, धार्मिक कारणे पुढे कायद्याने मान्यही झाली. पण ज्या विषयासाठी मतदान आहे त्याच विषयाचे, राजकारणाचे, कारण चालत नाही, हा विचित्र उलटा क्रम आहे. आजारी असल्याचे सांगणाऱ्याला माफी आणि विचारपूर्वक नकार देणाऱ्याला दंड. दंडाची रक्कम लहान आहे हे खरे. तरी राज्याने नागरिकाला तुझी असहमती ग्राह्य नाही, असे लेखी सांगावे, हे मला लोकशाहीच्या जिव्हारी लागणारे वाटते.

कोरी मतपत्रिका टाकता येतेच ना, असे यावर म्हटले जाते. येते, पण ती कशी मोजली जाते हा खरा मुद्दा आहे. फ्रान्समध्ये २०१४ पासून कोरी मते वेगळी मोजली जातात; २०१७ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत कोरी आणि बाद मते मिळून ४० लाखांहून अधिक होती, पण टक्केवारी काढताना ती वैध मतांत धरली जात नाहीत. भारतात २७ सप्टेंबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मतदानयंत्रावर ‘नोटा’ आले. त्याआधी कोणालाच मत द्यायचे नसल्यास मतदान अधिकाऱ्याला तसे सांगून नोंद करावी लागे, म्हणजे गुप्तता तेथेच संपत असे. गुप्तपणे नकार देण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला, ही मोठी गोष्ट झाली. पण लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी त्याच्याखालचा उमेदवार निवडून येतो. २०२४ मध्ये इंदूर लोकसभा मतदारसंघात दोन लाख अठरा हजारांहून अधिक मतदारांनी नोटाचे बटण दाबले. तो आकडा बातमी झाला, निकालाला मात्र त्याचा स्पर्श झाला नाही.

कोलंबियाने यापुढचे पाऊल टाकले आहे. तेथे कोऱ्या मतांना स्पष्ट बहुमत मिळाले तर निवडणूक एकदा पुन्हा घ्यावी लागते. २०११ साली बेयो या शहरात महापौरपदासाठी एकच उमेदवार उरला होता. लोकांनी कोऱ्या मतांसाठी उघड प्रचार केला, कोरी मते निम्म्याहून अधिक पडली आणि निवडणूक पुन्हा घेतली गेली. नकार द्यायला लोक रांगेत उभे राहिले, तो नकार मोजला गेला आणि त्याचा परिणाम झाला. माझ्या मते मत न देणाऱ्यांच्या मागणीला याहून न्याय्य उत्तर नाही. पोलंडमध्येही जून १९८९ च्या अर्धवट मुक्त निवडणुकीत सत्ताधाऱ्यांच्या ३५ नावांच्या राष्ट्रीय यादीला प्रतिस्पर्धीच नव्हता. मतदारांनी घरी न बसता मतपत्रिकेवरील नावे एकेक करून खोडली आणि ३५ पैकी दोघांनाच आवश्यक निम्मी मते मिळू दिली. म्हणून जेथे नकार नोंदवण्याची अशी सोय आहे, तेथे घरी थांबून त्यालाच निषेध म्हणणाऱ्याचे म्हणणे मला दुबळे वाटते. जेथे ती नाही, किंवा आहे पण निष्फळ आहे, तेथे त्याचे म्हणणे बळकट होते.

दोन वाइटांतून कमी वाईट निवडावे, हा सल्ला मी स्वतःपुरता मानते. मत म्हणजे प्रेमपत्र नाही. उपलब्ध पर्यायांतून पुढची काही वर्षे कोणाशी भांडणे जास्त शक्य होईल, एवढे मी त्या दिवशी ठरवते. पण हा सल्ला मला सोपा जातो, कारण जो हरेल किंवा जिंकेल त्याच्याकडून माझ्या अस्तित्वालाच धोका क्वचित असतो. ज्या समाजाचे नागरिकत्व काढून घेण्याचे किंवा ज्यांची वस्ती उठवण्याचे आश्वासन दोन्ही उमेदवारांनी दिलेले आहे, फक्त एकाने मोठ्याने आणि दुसऱ्याने हळू आवाजात, त्या समाजातील बाईला मी काय सांगणार? हळू बोलणाऱ्याला स्वतःच्या हाताने मत दे, असे तिला सांगायला माझी जीभ वळत नाही. तिने मत दिले तर मी समजू शकते, आणि नाही दिले तर ते तिचे कर्तव्य चुकले असे म्हणणार नाही.

तिला जाब विचारण्याऐवजी मी दुसरीकडे पाहीन. मतपत्रिकेवर त्या दोघांखेरीज तिसरे नाव का आले नाही? उमेदवारीसाठी किती अनामत रक्कम भरावी लागते, किती सह्या गोळा कराव्या लागतात, छोट्या पक्षाला मिळालेली पाच-दहा टक्के मते जागांत उतरतात की वाया जातात, प्रचाराच्या खर्चावर मर्यादा आहे का आणि असली तर ती कोणी पाळतो का, हे सारे नियम माणसांनीच केलेले आहेत आणि बदललेही गेले आहेत. न्यूझीलंडने १९९३ च्या सार्वमतात आपली मतदानपद्धती बदलली आणि १९९६ पासून तेथे पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा मिळू लागल्या. मत न देणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींशी मला आता या विषयावर बोलायचे आहे: त्यांना कोणते नाव मतपत्रिकेवर हवे होते, आणि ते तेथपर्यंत पोहोचू नये याची व्यवस्था कोणत्या नियमाने केली.